आवाज ग्राहकाचाच हवा

कामोमे या इंटरनेट कंपनीच्या लोकांना आणून एकदा आपल्या आईचे हात दाखवावेत, असं चिझुरुला फार वाटायचं. फुसाए हिगाशिदा, वय वर्षं सत्तर. चाळीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात इस्त्री केली, तरी बोटं अजून इतकी चपळ की ती बोलायला लागली की समोरच्याचा घास हातातच राहायचा. फुसाए जन्मापासून बहिरी. तिचं सगळं बोलणं हातांचं, आणि रोज संध्याकाळी सहा वाजता ते बोलणं ओसाकाच्या त्या दोन खोल्यांमधून टॅब्लेटवरून थेट कागोशिमाला जायचं. किनुयोकडे.

किनुयो तिची बहिऱ्यांच्या शाळेतली मैत्रीण. त्या शाळेत हातांनी बोललं की गुरुजी बोटांवर पट्टी मारत. तोंडानं बोला, माणसांसारखं बोला, असा त्यांचा हट्ट. ओठांसमोर कागदाचा कपटा धरून तो फुंकरीनं हलवायचा, हा धडा दोघींनी वर्षानुवर्षं गिरवला, आणि उरलेलं खरं बोलणं बाकाखाली केलं. आता किनुयो वृद्धाश्रमात होती. तिथे हातांची भाषा कुणालाच येत नव्हती. जेवण, औषध, आंघोळ सगळं वेळेवर. पण दिवसभरात तिच्याशी एक शब्द कुणी बोलत नसे. तिचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या अर्ध्या तासात.

आणि नेमक्या त्या अर्ध्या तासात कामोमेची लाईन माती खायची. फुसाए हात उचलायची आणि तिकडे किनुयोच्या पडद्यावर ती पुतळ्यासारखी थिजायची. किनुयो काही सांगायला लागली की इकडे बोटांच्या जागी नुसता राखाडी चिखल. “काय? परत सांग,” फुसाए विचारायची. किनुयो परत सांगायची. परत चिखल. अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं दोघी एकमेकींना ‘परत सांग’ म्हणण्यात घालवायच्या.

मे महिन्यात चिझुरुनं तक्रारीचा फोन केला. घरातले सगळे फोन तीच करायची, वयाच्या सातव्या वर्षापासून. गॅसवाला असो, दवाखाना असो, आवाज जरा जाड करून “मी फुसाए हिगाशिदा बोलतेय” म्हणायचं. फुसाएला ते कधीच आवडलं नाही. तिला खोटं म्हणून खपत नसे. बाजारात भाजीवाल्यानं चुकून दहा येन जास्त परत दिले तर ही चार गल्ल्या उलट चालत जाणार.

“या वेळी खरं सांग,” तिनं हातांनी बजावलं. “ग्राहक बहिरी आहे म्हणावं. तिला हात दिसायला हवेत म्हणावं. माणसं आहेत ती, समजून घेतील.”

चिझुरुनं खरं सांगितलं. पलीकडच्या मुलीनं “अरेरे, किती त्रास होत असेल हो” म्हणत म्हणत सगळं टाइप करून घेतलं, आणि इंटरनेटचा डबा बंद करून परत चालू करा असा सल्ला दिला. समजून घेणं ते इतकंच.

कंपनी सोडावी तर तिथेही मेख. करार दोन वर्षांचा, आणि बाहेर पडायचं दार फक्त ऑक्टोबरमध्ये उघडणार. आधी सोडायचं तर वीस हजार येन दंड. “मी भरते,” चिझुरु म्हणाली.

“एक येन द्यायचा नाही!” फुसाएचे हात हवेत कडाडले. “खराब माल त्यांनी विकायचा आणि दंड आपण भरायचा? इतकी वर्षं थांबलो, पाच महिने आणखी थांबू.”

मग ते पाच महिने चिझुरुनं तुलना करण्यात घातले. तांदूळवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिनं रकाने आखले. बटणांच्या घाऊक दुकानात तिचा जन्म गेलेला, बारीकसारीक फरक निवडायची सवय. पण या कंपन्यांची बटणं सगळी वरून चकचकीत आणि मागून भोकंच नाहीत अशी. एक म्हणे पहिले सहा महिने फुकट, आणि सातव्या महिन्यापासून काय ते मुंगीएवढ्या अक्षरांत. दुसरी भेट म्हणून पैसे परत देणार, पण अकराव्या महिन्यात ईमेल येईल, ती उघडून अर्ज केला तरच. विसरलात तर तुमचं नशीब. त्सुबामे कंपनीचा विक्रेता तर दारातच कागदी रुमालांचा खोका भेट देऊन बसला.

“मॅडम, दोन तासांचा सिनेमा चार मिनिटांत उतरवून घ्या!”

“आम्हाला सिनेमा उतरवायचा नाहीये. आईला हात पाठवायचेत. इथून बाहेर जाण्याचा वेग किती?”

“बाहेर?” तो गडबडला. “बाहेर काय पाठवता हो तुम्ही? सगळे आत घेतात.”

“तुम्ही काय, आयुष्यभर नुसतं ऐकूनच घेता का? कधी बोलत नाही?”

त्यानं मान खाली घालून माहितीपत्रक चाळलं. चौदा पानं, त्यात डोंगर, समुद्र, हसरी कुटुंबं, एक कुत्रासुद्धा. पण बाहेर जाण्याचा वेग कुठेही छापलेला नव्हता. चिझुरुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या ताबुचीबाईंकडे त्सुबामेचीच लाईन आहे असं कळल्यावर तिनं आईला टॅब्लेटसकट त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि स्वतः जिन्यात फोन धरून उभी राहिली. पडद्यावर फुसाएचं प्रत्येक बोट वेगळं दिसत होतं. “ताबुचीबाईंकडचा मासा करपतोय, त्यांना सांग,” असं फुसाए म्हणाली, आणि ते पहिल्याच फटक्यात कळलं. कॅलेंडरवर त्सुबामेभोवती लाल गोल पडला.

उरलं होतं कामोमेला रामराम करणं. ऑक्टोबर लागल्यापासून चिझुरु दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत रोज फोन लावायची, आणि रोज सुट्टी संपेपर्यंत सनईसारखं संगीत ऐकायची. एकतीस तारखेला तिनं रजा काढली, तेव्हा कुठे सकाळी माणूस लागला. आई संडासात आहे असं बघून तिनं पटकन आवाज जाड केला.

“मी फुसाए हिगाशिदा. मला लाईन बंद करायचीय.”

“धन्यवाद, मॅडम. पण आमच्या नोंदीत असं आहे की फुसाए मॅडमना ऐकू येत नाही.” पलीकडचा पुरुष लोण्यासारखा मऊ बोलत होता. “आपल्याला तर माझं ऐकू येतंय.”

चिझुरुनं आवाज पुन्हा बारीक केला. मग ती म्हणाली, “बरं, मी मुलगी. आईला ऐकू येत नाही हे तुम्हीच म्हणताय ना? मग माझ्याशी बोला.”

“फार दिलगीर आहे. करार बंद करताना आवाज ग्राहकाचाच हवा. सुरक्षिततेसाठी.”

“अहो, ती बहिरी आहे!”

“हो मॅडम, तशी नोंद आहे.”

करार करताना आवाज लागला नव्हता. तेव्हा सहीच्या जागी नुसता नावाचा शिक्का चालला होता, तोही विक्रेत्यानं फुसाएचा हात धरून उमटवून घेतलेला. आत यायला मुकेपणा चालतो आणि बाहेर जायला गळा लागतो, ही कुठली रीत? चिझुरुनं फोन आपटला, आईला कोट घालायला लावला, शिक्का आणि अपंगत्वाचं ओळखपत्र पिशवीत टाकलं आणि दोघी तेन्नोजी भागातल्या कामोमे काउंटरवर जाऊन थडकल्या.

काउंटरवर इकोमा नावाची पन्नाशीची बाई होती. तिनं ओळखपत्र पाहिलं, फोटो पाहिला, फुसाएला कमरेत वाकून नमस्कार केला. मग चेहरा पाडून म्हणाली, “ताई, करार बंद करायचा अधिकार आम्हाला नाही हो. इथूनही फोनच लावून द्यावा लागतो.” आणि तिनं काउंटरवरचा पांढरा फोन त्यांच्यापुढे सरकवला.

“ती तुमच्यासमोर बसलीय! हातभर अंतरावर!”

“दिसतंय मला,” इकोमाबाई हळूच म्हणाल्या. “पण फोनवाल्यांना दिसत नाही ना.”

फोनवर तोच लोणी आवाज. नाव, जन्मतारीख आणि ‘मला बंद करायचं आहे’ एवढं ग्राहकानं स्वतः बोलायचं. चिझुरु रागारागानं ते सगळं हातांनी आईला सांगत होती, मध्ये मध्ये कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धारही करत होती. फुसाए शांतपणे बघत होती. मग तिनं हात पुढे केला. फोनसाठी.

“आई, नको.”

फुसाए विशीत असताना एका पावाच्या दुकानात तोंडानं बोलली होती. तिथल्या पोरी हसल्या. त्यांची तोंडं तिला दिसली होती. त्यानंतर पन्नास वर्षं तिनं माणसांत तोंडातून आवाज काढला नव्हता. चिझुरुनंसुद्धा तिचा आवाज ऐकला तो फक्त आई झोपेत बरळायची तेव्हा.

फुसाएनं फोन तोंडासमोर धरला आणि आपलं नाव घेतलं.

तो आवाज खोल, खरखरीत आणि फार मोठा होता. आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कसं कळणार! दुकानात बसलेल्या सगळ्यांच्या माना वळल्या. फुसाएला त्या वळताना दिसल्या. तरी तिनं जन्मतारीख सांगितली. एकेक आकडा ओठांनी नीट घडवून, समोर कागदाचा कपटा धरल्यासारखा.

चिझुरुनं फोन कानाला लावला. “दिलगीर आहे, मॅडम. काही कळलं नाही. पुन्हा एकदा बोलायला सांगाल का?”

फुसाए पुन्हा बोलली. कपाळावर घाम आला होता.

“फार दिलगीर आहे. मागे कसला तरी गोंगाट येतोय.”

तिसऱ्यांदा ती ओरडलीच. मला बंद करायचं आहे! आणि पलीकडून पुन्हा “दिलगीर आहे” आलं, तेव्हा चिझुरुला रडू फुटलं. रागाचं रडू, ज्यात तोंडातून धड शिवीही निघत नाही.

इकोमाबाईंनी काउंटरवरून वाकून तिच्या हातातला फोन काढून घेतला.

“हॅलो, तेन्नोजी काउंटर, इकोमा बोलतेय. ग्राहक बोलल्या. नाव, तारीख, विनंती, सगळं. तीनदा. मला इथे स्पष्ट ऐकू आलं. इथे बसलेल्या नऊ जणांना ऐकू आलं. तुम्हाला एकट्यालाच येत नसेल तर कामोमेची लाईन खराब आहे. तशी तक्रार लिहून घेऊ का? तुमचं नाव सांगा.”

पलीकडे कीबोर्ड खडखडला.

“...ग्राहकाच्या आवाजाची खात्री झाली,” मग लोणी म्हणालं. “इतकी वर्षं कामोमेसोबत राहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद.”

फुसाएनं पिशवीतून आल्याच्या गोळ्यांची पुडी काढली. एक गोळी इकोमाबाईंच्या हातात ठेवली, एक त्या फोनशेजारी ठेवली. “त्याला,” ती हातांनी म्हणाली. “घशाला बरी.”

त्सुबामेची लाईन नोव्हेंबरच्या मध्यावर आली. सहा वाजता दोघी टॅब्लेटसमोर बसल्या. चित्र उमटलं आणि चिझुरुनं टाळीच वाजवली. किनुयोच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडेसुद्धा वाचता येत होते. खिडकीचा पडदा वाऱ्यावर हलत होता, कुठेही न अडता, अगदी सावकाश.

“बोलले मी!” फुसाएचे हात धावत सुटले. “तोंडानं! भर दुकानात! सगळा बाजार गोळा केला!”

किनुयो पोट धरून हसली. मग तिनं हात उचलले आणि काहीतरी सांगायला घेतलं. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. थरथरली. पुन्हा पहिल्यापासून निघाली आणि पुन्हा मध्येच विस्कटली.

चिझुरुनं नव्या डब्याकडे पाहिलं. सगळे दिवे हिरवे. किनुयोच्या मागे पडदा तसाच सावकाश हलत होता. लाईन ठीक होती, हात बिघडले होते. कधीपासून? मे महिन्यात ते कसे होते, तेव्हा ती काय काय सांगत होती, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. ते पाच महिने कामोमेनं खाल्ले होते, आणि वीस हजार येन भरून ते परत घेता आले असते. चिझुरुनं आईकडे पाहिलं. फुसाएही त्या पडद्याकडेच बघत होती.

किनुयोनं हात मांडीवर टेकवले. जरा वेळानं, फार कष्टानं, तिनं विचारलं, “आता... नीट... दिसतं?”

दहा येन परत करायला चार गल्ल्या उलट चालणाऱ्या फुसाएनं कपाळावर हात मारला.

“छे गं! ही कंपनी तर त्याहून चोर निघाली. नुसता चिखल दिसतोय.” ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. “तू सांग. सावकाश सांग. नाही कळलं तर मी परत विचारीन.”

किनुयोच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “मेले,” ती म्हणाली, तीन वेळा अडखळत, “बुडवतील... म्हाताऱ्यांना.”

“बुडवतीलच,” फुसाए म्हणाली. “पुढे?”