बासष्ट नंबरची खुंटी

"ही कोणासाठी ठोकतोयस?" कॉलिनने खुर्चीतूनच विचारलं. "आल्फसाठी? त्याला जमिनीत जाऊन नऊ वर्षं झाली. तो आता पक्का बसलाय, त्याला खुंटी नको."

लाकडी हातोड्याचे आणखी दोन ठोके घालून नेव्हिलने खुंटी सुतासारखी सरळ केली आणि सहा पावलं मोजून पुढच्या जागेवर गेला. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळलेला माणूस तो. गव्हाच्या ट्रकमध्ये पसाभर माती आली तरी त्याला कळायचं. वाकडी खुंटी त्याच्याच्याने बघवत नसे.

कॅरव्हॅन क्लबच्या दर सहलीला समुद्राकडच्या कुंपणालगत अशा एकसष्ट खुंट्या एका ओळीत उभ्या राहत. प्रत्येकीवर पत्र्याची पाटी, पाटीवर नंबर आणि नंबरशेजारी एक चित्र: कुठे पेलिकन, कुठे निळा खेकडा, कुठे बाटलीब्रशचं फूल. चित्रं ग्लेनिसची, नेव्हिलच्या बायकोची. क्लब सुरू झाला तेव्हा तिने पहिली पाटी रंगवली आणि त्यानंतर जो कोणी कॅरव्हॅन घेऊन क्लबात आला, त्याच्यासाठी एकेक. नेव्हिल आणि ग्लेनिसचा नंबर तीन. त्यावर किंग जॉर्ज मासा होता.

आता एकसष्ट नंबरांपैकी सातच कॅरव्हॅन उरल्या होत्या. बाकीचे देवाघरी गेले होते, नाहीतर मुलांकडे, नाहीतर वृद्धाश्रमात. पण नंबर एकदा दिला की दुसऱ्याला द्यायचा नाही आणि त्याची जागा भरायची नाही, हा नियम. नऊ वर्षांपूर्वी आल्फ गेला, तेव्हा ग्लेनिस रडत म्हणाली होती, "या खेपेला त्याची जागा मोकळी राहू दे." ती एका खेपेपुरतंच बोलली होती. नेव्हिलने त्याची काळ्या दगडावरची रेघ करून टाकली. त्यामुळे सात कॅरव्हॅन आता एकमेकींपासून कोसभर उभ्या राहत आणि साखर मागायला जायचं तर सायकल काढावी लागे.

"बासष्टवाले येणार ना नक्की?" कॉलिनने विचारलं.

"पाच वाजेपर्यंत येतो म्हणालेत."

"नाहीतर रविवारी गाशा गुंडाळायचा."

हे मात्र खरं होतं. वार्षिक सभेला आठ कुटुंबं नसली तर क्लब बंद करावा, असं घटनेतच लिहिलेलं होतं आणि ते कलम पन्नास वर्षांपूर्वी नेव्हिलनेच घातलं होतं. तेव्हा त्याला आठ हा आकडा इतका लहान वाटला होता की तो स्वतःच हसला होता.

गेले तीन महिने त्याने बालवाडीच्या फळ्यावर, वाचनालयात, सुपरमार्केटच्या दाराशी कागद लावले होते: तरुण कुटुंबांचं स्वागत आहे. समितीशी भांडून त्याने तंबूवाल्यांनाही मान्यता मिळवून दिली होती. पोरांनी संध्याकाळी पाचनंतर सायकल चालवू नये हा नियमही काढून टाकला. हे सगळं ग्लेनिस वीस वर्षं सांगत होती, तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी. ती गेल्यावर दोन वर्षांनी त्याला शहाणपण सुचलं. तीन कुटुंबांनी फोन केले. एकाच्या मुलाची फुटबॉलची मॅच निघाली, दुसऱ्यांनी शांततेच्या वेळा विचारल्या आणि पुन्हा फोन केला नाही. तिसरे येत होते.

बासष्टची पाटी नेव्हिलने स्वतः रंगवली होती. त्याने गुलाबी काकाकुवा काढायला घेतला होता, झाली चहाची किटली. ओळीच्या अगदी टोकाला, संडासाच्या इमारतीपलीकडे, त्याने ती खुंटी मन लावून ठोकली.

साडेचारला धुळीने माखलेली गाडी आली. नेव्हिल हात वर करून पुढे झाला. डावीकडे, अजून थोडी डावीकडे, बस्स. हातांच्या खुणांनी पन्नास वर्षांत त्याने किती कॅरव्हॅन जागेवर लावल्या असतील याची गणती नव्हती. गाडीतून ब्रॅडन उतरला, मागच्या सीटवरून तान्ह्या मुलाला घेऊन त्याची बायको जोसेलिन उतरली आणि दुसऱ्या दाराने सहा वर्षांची मिका उडी मारून बाहेर आली.

"आम्ही इथे?" जोसेलिनने वाऱ्याने तोंडावर आलेले केस मागे सारले. "तिकडे मधे एवढी जागा आहे ना? तुमच्या सगळ्यांजवळ?"

"ती आल्फची आहे. तिच्या पुढची बेव्हची."

"ते उशिरा येणार आहेत का?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. "ते वारले."

जोसेलिनने नवऱ्याकडे पाहिलं. "बरं," ती हळूच म्हणाली आणि तंबूची पिशवी उचलायला वळली.

चार वाजता खुर्च्या गोल मांडून बसायचं, ही क्लबची जुनी रीत. त्या दिवशी सगळे पाहुण्यांसाठी पाचपर्यंत थांबले. थेल्मा, क्लबची सेक्रेटरी, चहाच्या बंबाशी उभी होती. तिने मिकाच्या हातात खोबरं लावलेला लॅमिंग्टन केक दिला, मग दुसरा दिला. कॉलिनने ब्रॅडनला बिअर दिली आणि मासे कुठे लागतात याच्या थापा मारल्या. जोसेलिन वृद्धाश्रमात नर्स होती. तिने कोणाच्या गुडघ्याची, कोणाच्या साखरेची चौकशी केली. बाळ सात मांड्यांवरून फिरून आलं. थेल्माने ते परत देताना तोंड फिरवून डोळे पुसले. नेव्हिलचा जीव भांड्यात पडला. त्याच्या शेजारी ग्लेनिसची हिरव्या पट्ट्यांची खुर्ची नेहमीसारखी उघडून ठेवलेली होती. मिका तिच्यावर बसायला गेली, तेव्हा कॉलिनने तिला पटकन आपली दिली.

"ही कोणाची?" मिकाने विचारलं.

"ग्लेनिसची. माझी बायको. ही सगळी चित्रं तिनेच काढलीत."

"किटली पण?"

"ती किटली नाही, काकाकुवा आहे. तो मी काढला."

"तुला नाही येत चित्र," मिका म्हणाली आणि त्याचं बोट धरून ओळीकडे निघाली. "चल, सगळी दाखव."

नेव्हिलने तिला सगळी दाखवली. सतरा, पेलिकन, आल्फ. हा तोंडाने ट्रकचा हॉर्न काढायचा. अठरा, खेकडा, बेव्ह. हिच्या सारण भरलेल्या पेस्ट्यांसाठी माणसं भांडायची. तेवीस, दोघे भाऊ, एकाच कॅरव्हॅनमध्ये राहायचे आणि बोलायचे नाहीत. ग्लेनिस गेल्यापासून तो एका दमात इतकं बोलला नव्हता. परत येईपर्यंत त्याचा घसा कोरडा पडला होता आणि त्याला फार बरं वाटत होतं.

"तू मेल्यावर तुझा मासा पण राहणार?" मिकाने विचारलं.

"राहणार. नियमच आहे."

"मग तो ठोकणार कोण?"

मिका उत्तराची वाट न बघता बाळाकडे पळाली.

शनिवारी वारा सुटला. सकाळी नेव्हिल चहाचा कप घेऊन पायरीवर बसला आणि त्याने ओळीच्या टोकाकडे पाहिलं. निळा तंबू फडफडत होता. थेल्माची कॅरव्हॅन एकेचाळिसावर, तिच्यापासून बासष्टापर्यंत नुसत्या पाट्या. त्या चौघांनी एकट्यांनीच नाश्ता केला. दुपारी जोसेलिन बाळाला खांद्यावर टाकून येरझारा घालत होती, आणि जेवणाची थाळी घेऊन त्यांच्याकडे जावं तर एवढं चालणार कोण, म्हणून कोणी गेलं नाही. एकदा नेव्हिलच्या मनात आलं की रिकाम्या चौथ्या नंबरवर त्यांना आणावं. माझ्या शेजारी. खुंटी उपटायला किती वेळ लागतो?

ग्लेनिसनेही दवाखान्यात हेच सांगितलं होतं. "आता काढ रे त्या खुंट्या. पोरांना जवळ घे." तो हो म्हणाला होता. पण एक खुंटी काढली की दुसरी निघते, दुसरी निघाली की एक दिवस कोणीतरी म्हणेल, ही हिरवी खुर्ची तरी कशाला उघडायची. त्याला त्या खुर्चीची भीती वाटत होती. तो जागचा उठला नाही.

रविवारी नऊला ब्रॅडन आणि जोसेलिन त्याच्याकडे आले. तंबू गुंडाळून गाडीवर बांधलेला होता. सदस्यत्वाचा कागद जोसेलिनच्या हातात होता, तसाच कोरा.

"सभेपर्यंत थांबणार होता ना तुम्ही?" नेव्हिल म्हणाला.

ब्रॅडन बुटाने वाळू उकरत राहिला. बोलली जोसेलिनच. "रागावू नका. तुम्ही सगळी फार चांगली माणसं आहात. पण माझं आठवडाभराचं कामच हे, नेव्हिल. रिकाम्या झालेल्या खाटा बघायच्या. इथे आम्ही माणसांत बसायला आलो होतो, आणि दोन दिवस पाट्यांमध्ये बसलो. रात्री मिका विचारत होती, त्या पाट्यांखाली कोण झोपलंय म्हणून."

"मी तुम्हाला..." नेव्हिलने सुरुवात केली. मी तुम्हाला इकडे जवळ घेतो, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. जोसेलिन खरंच थांबली होती, वाट बघत होती. त्याची नजर हिरव्या खुर्चीकडे गेली.

"मी तुम्हाला गाडी बाहेर काढून देतो," तो म्हणाला.

"मिका!" ब्रॅडनने हाक मारली. "कुठे गेली ही?"

मिका नेव्हिलच्या कॅरव्हॅनमागून धावत आली. दोन्ही हात वाळूने भरलेले होते. "काम होतं," ती म्हणाली आणि गाडीत चढली. नेव्हिल मागे उभा राहून खुणा करत गेला. उजवीकडे, सरळ, ये, ये. गाडी रस्त्याला लागली तरी त्याचा हात वरच होता.

अकराला सभा झाली. सात कुटुंबं. थेल्माने इतिवृत्त वाचलं, ठराव मांडला, आणि विरोधात कोणी आहे का असं विचारताना तिचा आवाज चिरकला. कोणी नव्हतं. क्लब बंद झाला. बंब कोणी न्यायचा यावर थोडा वेळ बोलणं झालं, मग कॉलिन म्हणाला, "चला, आता निदान खुंट्या तरी ठोकायला नकोत." तो नेव्हिलजवळ आला, त्याचा खांदा दाबला आणि म्हणाला, "मी मदत करू काढायला?"

"नको. मी ठोकल्या, मीच काढतो."

दोनपर्यंत मैदान मोकळं करायचं होतं. त्याची सोडून एकेक कॅरव्हॅन निघाली, नंबराच्या क्रमाने, जसा नियम होता. नेव्हिलने प्रत्येकीला खुणा करून बाहेर काढलं. मग पेटी घेऊन तो ओळीच्या टोकाला गेला, कारण सुरुवात शेवटापासून करायची.

तिथे बासष्ट नव्हती. जमिनीत फक्त भोक होतं. त्याने गवतात पाहिलं, संडासामागे पाहिलं. शेवटी नाद सोडून एकसष्टपासून उपटत निघाला. फूल, पक्षी, खेकडा. प्रत्येक पाटी बाहीने पुसून तो पेटीत ठेवत होता. आल्फची निघायला जड गेली.

चौथी काढून तो आपल्या कॅरव्हॅनशी आला आणि थांबला. तिसऱ्या नंबरला अगदी चिकटून, हिरव्या खुर्चीच्या मागच्या पायांआड, बासष्ट उभी होती. वाळूत नुसती खोचलेली, एका बाजूला कललेली. तिच्याभोवती लहान हातांनी वाळू थापली होती.

तेव्हा मात्र नेव्हिल रडला. मैदानावर कोणी नव्हतं, त्यामुळे त्याने ते लपवलं नाही.

मग त्याने तोंड पुसलं, पेटीतून हातोडा काढला आणि गुडघ्यावर बसून, किटलीला धक्का लागणार नाही अशा बेताने, चार ठोक्यांत ती खुंटी सरळ ठोकली. आपली खुर्ची उघडून तो ग्लेनिसच्या खुर्चीशेजारी बसला. दोन वाजायला अजून वीस मिनिटं होती.