कासवाचा केक

वाढदिवस म्हटला की केक आला, आणि केक आला की तो खाण्याआधी तोंडाला फासणंही आलंच! मंडळी, ही रीत कुठून आली कोण जाणे. पण घराघरांत, ऑफिसांत ती अशी मुरली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा रडतोंड्या ठरतो.

आमचा बस मेकॅनिक तर या खेळातला उस्ताद. वर्कशॉपमध्ये कोणाचाही वाढदिवस असो, मागून जाऊन मानगूट धरायची आणि तोंड केकमध्ये दाबायचं, हे काम कायम त्याच्याकडे. माणूस मनाचा वाईट नव्हता हो! पोरांवर जीव ओवाळून टाकणारा. पण गंमत कुठे थांबवावी, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

त्याची थोरली, मनी, सात वर्षांची होणार होती. "विकतचा केक नको. मी कासव करणार," तिने जाहीर केलं.

तिची आई आठवडाभर चष्म्याच्या दुकानात उभी असायची. तरी सुटीच्या दिवशी सकाळपासून मायलेकी ओट्याशी उभ्या राहिल्या. तिचा चार वर्षांचा धाकटा भाऊ ढब्बू भांडं चाटायच्या कामावर होता. गोल भांड्यात भाजलेला केक एका बाजूला फुगला, एका बाजूला बसला.

"पोक आलंय गं याला," आई म्हणाली.

"कासवाला असतंच," मनीने निकाल देऊन टाकला.

मग तिने हिरव्या क्रीमने पाठीवरचा एकेक चौकोन काढला, जीभ दातांत धरून, श्वास रोखून. कासवाची मान सारखी लोंबायला लागली, म्हणून आईने आत लाकडी काडी खोवली. चॉकलेटचे दोन डोळे बसले आणि कासव चक्क बघायला लागलं! कोणाला कुठला तुकडा द्यायचा तेही मनीने ठरवून टाकलं. डोकं ढब्बूला, कारण सकाळपासून तोच त्याच्याशी गप्पा मारत होता.

संध्याकाळी शेजारीपाजारी जमले, मनीच्या मैत्रिणी आल्या, बालवाडीत शिकवणारी आत्या आली. मनीने मेणबत्त्या विझवल्या. सुरी घ्यायला ती जरा वाकली, आणि बापाचा हात सवयीने तिच्या मानेवर गेला.

धप्प!

खोली हसली. फोन वर झाले. मनीने तोंड वर केलं, तेव्हा हिरव्या क्रीममधून भुवईवरून एक लाल रेघ खाली उतरत होती.

आईने धावत जाऊन ओल्या फडक्याने तोंड पुसलं. आत्याने लगद्यातून ती काडी उपसून भावासमोर धरली. "बोटभर खाली लागली असती तर? डोळा होता रे तिथे!"

मेकॅनिकचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, आत काडी आहे हे मला काय माहीत?"

"आणि काडी नसती तर चाललं असतं?"

तेवढ्यात मनी बोलली. रडत नव्हती, नुसती त्या ढिगाकडे बघत होती. "बाबा, ढब्बूला डोकं द्यायचं होतं. आता कुठलं डोकं आहे तेच कळत नाही."

ढब्बूने मात्र भोकाड पसरलं.

"अगं, गंमत केली," मेकॅनिक पुटपुटला. "वर्कशॉपमध्ये आम्ही सगळ्यांनाच करतो. कोणी रडत नाही."

"रडत नाहीत, की रडता येत नाही?" आत्या म्हणाली. "ज्याच्यावर करतोस तोही हसला, तर ती गंमत. बाकीचे हसले आणि तो एकटा तोंड पुसत बसला, तर तिला गंमत म्हणू नये रे. आणि पोरीने दिवसभर खपून केलेल्या वस्तूचा एका दणक्यात चिखल केलास. तिने हा केक खायला केला होता, आपल्या माणसांना द्यायला!"

मेकॅनिकला एकदम वर्कशॉपमधले स्टोअरवाले काका आठवले. ते आपल्या वाढदिवसाला नेमकी सुटी टाकायचे. सगळे म्हणायचे, म्हातारा चिंगूस, पार्टी टाळतो. आज त्याला खरं कारण उमगलं आणि तो मनीसमोर उकिडवा बसला.

"मनी, चुकलो गं मी."

मनीने त्या ढिगाकडे बोट दाखवलं. "मग परत कर. तू कर. मी सांगते."

पुढच्या सुटीला मेकॅनिक ओट्याशी उभा राहिला. गंजलेले बोल्ट एका झटक्यात सोडवणारे हात, पण क्रीमची पिशवी दाबली की गांडूळच बाहेर यायचं!

"हळू, बाबा. दाबायचं नाही, नेत जायचं," मनी शिकवत होती.

तीन चौकोनांत त्याला घाम फुटला. त्याने लेकीकडे पाहिलं. एवढीशी पोर, आणि आख्खी पाठ भरली होती हिने! अभिमानाने त्याचा ऊर भरून आला. त्या दिवशी ढब्बूला डोकं मिळालं, आणि त्याने ते कोणालाही चाटू दिलं नाही.

महिन्याभराने स्टोअरवाल्या काकांचा वाढदिवस आला. मेकॅनिक आदल्या दिवशीच त्यांच्याकडे गेला. "काका, उद्या सुटी टाकू नका, कामावर या. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, हा माझा शब्द." काका बिचकत आले. टेबलावर घरी केलेला साधा केक होता. काकांनी तो कापला, आणि एकाचा हात क्रीमकडे वळला. मेकॅनिकने तो मनगटातच धरला.

"खायचा असेल तर बशी घे."

"अरे, तूच ना उस्ताद?" तो हसला.

"होतो. आता विद्यार्थी आहे. गुरू सात वर्षांची आहे!"

काकांनी पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि सावकाश चावत राहिले. मग बशी पुढे करून म्हणाले, "अजून एक तुकडा मिळेल?"

मंडळी, ज्याचा दिवस असतो त्याला मान द्यावा, त्याची मान दाबू नये. कोणी राबून केलेला घास पोटात जावा आणि त्या हातांचं कौतुक व्हावं. आपल्या हसण्यापायी एकही चेहरा खाली जात असेल, तर ते हसू आपणच आवरायला हवं.