शेजारची सीट

मी दातांचा डॉक्टर. वजन अठ्ठ्याण्णव किलो. अशा माणसाने हलकी गाडी घ्यावी, यातच सगळं आलं. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचीच ही ट्रॅकसाठी सोलून काढलेली, ऐंशी किलोने हलकी आवृत्ती: एसी नाही, रेडिओ नाही, मागची सीट नाही, दाराला हँडलऐवजी कापडी पट्टा. बायको म्हणाली, ऐंशी किलोच कमी करायचे होते तर निम्मे घरातच निघाले असते. मी गाडी घेतलीच.

खरी हौस बाबांना होती. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. आता त्यांची नजर झपाट्याने जात होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर ट्रॅकवर एक फेरी मारून आण, एवढंच त्यांनी मागितलं. मी शनिवारचा शब्द दिला.

आणि शुक्रवारी मला अवदसा आठवली. ट्रॅकवरच्या आमच्या क्लबातला एक जण फेरीच्या वेळेत माझ्याहून अर्ध्या सेकंदाने पुढे होता. चार बोल्ट काढून मी शेजारची सीट उतरवली. अकरा किलो वाचले. त्या आनंदात ती कुणासाठी होती हे साफ विसरलो.

शनिवारी बहीण बाबांना ट्रॅकवर घेऊन आली. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. त्यांनी दार उघडून आत हात फिरवला, तो थेट पत्र्याला लागला. माझी दातखीळ बसली.

"उभ्याने येऊ का?" ते म्हणाले. "माझ्या बसमध्ये निम्मे लोक उभेच असायचे."

तुझी फेरी तरी होऊ दे म्हणाले, तर मी निर्लज्जासारखा गेलोही. परतल्यावर त्यांनी वेळ विचारली. दोन दशांश सेकंद कमी लागले होते. ते सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाऊन सीट आणली, बोल्ट आवळले, तोवर ट्रॅक बंद झाला होता. मग बाबांना शेजारी बसवून साध्या रस्त्यानेच निघालो. संध्याकाळ झाली होती. लाज झाकायला मी दिसेल त्याचं वर्णन करत सुटलो: डावीकडे झाडं, पुढे पूल, मागे ट्रक.

"वळण आलं की सांग," बाबा म्हणाले. "बाकी गप्प बस. इंजिन ऐकू दे."

आवाज अडवणारं अस्तरही कंपनीने काढलेलं, त्यामुळे सगळं इंजिन कानात. बाबांनी डोळे मिटले. मी वळण आलं म्हणालो. ते म्हणाले, "थांब. थांब. आता तिसरा." मी गिअर टाकला आणि गाडी इतकी सुरेख वळली, जितकी माझ्या हातून कधीच वळली नव्हती. घरापर्यंत ते सांगत गेले आणि मी ऐकत गेलो.

दारात गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "गाडी चांगली आहे. तुलाच अजून शिकवायला हवं. त्याला डोळे लागत नाहीत."

मी मान डोलावली. मग लक्षात आलं, ती त्यांना दिसली नसणार, म्हणून मोठ्याने हो म्हणालो.