चेंडूपट्टीवरचा हौद

माझ्या तोंडात जे काही दात उरलेत त्यांची शपथ, चर्चमधल्या मारियाच्या निळ्या शालीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ज्याला खोटं वाटेल त्याच्या घरी बकऱ्याचं मांस जन्मभर चिवट शिजो.

तर, रुदेसिंदा. पाराना नदीच्या बेटावर जन्मलेली पोर. चालायच्या आधी पोहायला शिकली. सेराफिननं तिला लग्न करून आणलं ते थेट पोसो सेकोला. पोसो सेको म्हणजे कोरडी विहीर, नावातच सगळं आलं. आमच्या गावात पाऊस आला तर कुत्री त्याच्यावर भुंकतात, कोणी अनोळखी माणूस आला असं वाटून. लग्नाआधी सेराफिन म्हणाला होता, "तू चल तर खरी, तुझ्या अंगणात पाणी आणून देतो." चाळीस वर्षं झाली. अंगणात त्यानं आणलं काय? चेंडूपट्टी.

लांबलचक मातीची पट्टी, कडेनं फळ्या ठोकलेल्या. एका टोकाला छोटी गोटी टाकायची नि लाकडी चेंडू घरंगळवत तिच्याजवळ न्यायचा. ज्याचा चेंडू जवळ त्याचा गुण. सेराफिन या खेळात पंचक्रोशीत पहिला. पट्टीवर त्याचा जीव इतका, की कोंबडी जरी चढली तरी ओरडायचा, "पाय पुसून ये गं, भवाने!"

आमच्याकडं उन्हाळा नाताळातच येतो; त्या वर्षी नाताळाच्या आधी तो असा पेटला की कोंबड्या उकडलेली अंडी घालायला लागल्या. रुदेसिंदाचे पाय सुजून भोपळे झाले. परातीत पाणी घेऊन त्यात पाय बुडवून बसायची नि डोळे मिटून नदी आठवायची. आणि नेमकी त्याच वेळी गावच्या बंबवाल्यांची सोडत निघाली. पहिलं बक्षीस रुदेसिंदाला! काय होतं बक्षीस? ताडपत्रीचा पोहायचा हौद, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यासकट, जमिनीवर उभा करायचा. आणि तो एकदा भरून द्यायचा, बंबवाल्यांच्या टाकीतून, फुकट.

बंबवाल्यांचा म्होरक्या गाउना स्वतः सांगायला आला, मानानं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणत. "दोन्या रुदेसिंदा, शनिवारी पाणी घेऊन येतो. पण जमीन पाणसळीत पाहिजे हं. बोटभर जरी उतार राहिला तरी सगळं पाणी एका अंगाला रेलतं, नळ्या वाकतात, हौद फुटतो. आणि फुटला तर दुसरी टाकी मी कुठनं आणू? आधी जमीन बघणार, मगच पाणी सोडणार."

रुदेसिंदानं पदर खोचावा तसा झगा खोचला नि कुदळ घेतली. झाडाखाली खणलं, तर मुळ्या. स्वयंपाकघरामागं खणलं, तर खाली कातळ. कुदळीतून ठिणग्या उडाल्या. बकऱ्यांच्या गोठ्यापाशी खोलगट होतं, तिथं घमेल्यानं माती ओतून सपाट केलं. गाउनानं येऊन त्यावर टाच मारली नि मान हलवली. "नाही दोन्या. भर घातलेली जमीन पाण्याच्या वजनानं बसते. उंच बाजू खणून खाली आणायची असते, खोल बाजू भरायची नसते."

कुंपणापलीकडून पास्तोरा शेजारीण हे सगळं चवीनं बघत होती. "काय गं रुदे, कबर खणतेस की काय? सेराफिनची की तुझी?"

"तुझी गं! पण तू मावशील असं वाटेना."

अख्ख्या अंगणात सपाट जागा आता एकच उरली होती. रुदेसिंदानं तिकडं पाहिलं. सेराफिननं तिला पाहताना पाहिलं.

"माझ्या मढ्यावरून!" तो म्हणाला.

"मग आडवा हो, म्हाताऱ्या. तू सपाटच आहेस, पाणसळसुद्धा लावायला नको."

"अगं म्हातारे, गावातली माणसं इथं खेळायला येतात. इथं हौद आला तर मी काय करू?"

"मी चाळीस वर्षं परातीत पाय घालून बसले, तसा तूही बस." हे ती हसत म्हणाली नाही. सेराफिन आपली नखं बघायला लागला. मग तीच म्हणाली, "माझ्याशी खेळ. मी जिंकले तर हौद पट्टीवर. तू जिंकलास तर हौद पास्तोराला देऊन टाकते, नि मरेपर्यंत पाण्याचं नाव काढणार नाही."

सेराफिन इतका हसला की त्याची टोपी पडली. रुदेसिंदानं आयुष्यात कधी चेंडू हातात धरला नव्हता.

पण एक गोष्ट तो विसरला. त्याची पाठ धरायची म्हणून पट्टी रोज सकाळी झाडत होती कोण? पाणी शिंपडत होती कोण? रुदेसिंदाच. आणि पाणी काही लपवत नाही. डाव्या फळीजवळ, पलीकडच्या टोकाला, शिंपडलेलं पाणी रोज गुपचूप एका जागी गोळा व्हायचं. नुसत्या डोळ्याला न दिसणारा खोलगा. हे तिला ठाऊक होतं नि कोंबड्यांना.

संध्याकाळी सगळा गाव जमला. बायकांनी तळलेल्या करंज्या आणल्या, पुरुषांनी वाईन. पहिले सात गुण सेराफिनचे. "घरी जा रुदे, भाकरी करपली!" मागून कोणी ओरडलं. ती हललीसुद्धा नाही, नुसता चेंडूच्या वजनाचा अंदाज घेत होती. मग तिला हात सापडला. एक गुण, दोन, चार... गाव गप्प होत गेला नि करंज्या संपत गेल्या. होता होता दोघं बरोबरीत आले, शेवटच्या एका गुणावर.

रुदेसिंदानं चेंडू सोडला. तो गोटीपासून हातभर लांब, डाव्या फळीशी जाऊन बसला. "वाया!" पास्तोरा खूश. सेराफिननं मिशी पुसली नि असा चेंडू टाकला की तो गोटीचा मुका घेऊन थांबला. संपलंच! म्हाताऱ्यांनी पेले उचलले.

रुदेसिंदाच्या हातात शेवटचा चेंडू. तिनं तो सोडला हळू, इतका हळू, की वाटेत एक मुंगी त्याच्या पुढं चालत होती ती त्याच्या आधी पोचली. चेंडूनं गोटीला नुसता धक्का दिला. गोटी सरकली, थांबते थांबते असं वाटलं, आणि मग आपणहून डावीकडं वळली. घरंगळत, घरंगळत त्या खोलग्यात गेली नि रुदेसिंदाच्या वाया गेलेल्या चेंडूला जाऊन चिकटली.

काय आरोळी उठली म्हणता! शेजारच्या गावात लोकांना वाटलं क्रांती झाली.

"सेराफिन, तुझी पट्टी वाकडी रे!" त्याचे मित्र पोट धरून हसत होते.

"माझी पट्टी? आरशासारखी आहे!"

गाउनानं पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक इकडं धरलं, एक तिकडं. डाव्या कोपऱ्यात बोटभर उतार. हरल्यावर जो माणूस ताठ उभा होता, तो हे बघून मटकन खाली बसला. रुदेसिंदाला वाटलं, आता हा रुसणार, आणि शनिवार हातचा जाणार.

सेराफिन उठला तो थेट फावडं घेऊनच. "या सेराफिनची जमीन वाकडी आहे असं पोसो सेकोत कोणी म्हणणार नाही. सरका सगळे!"

मग त्याला बघायला हवं होतं! टोकाच्या फळ्या उपटल्या, हौदापुरती जागा रुंद केली, खोलगा जितका खाली तितकी सगळी जमीन तासून खाली आणली. धुम्मसानं ठोकली, रूळ फिरवला, वर वाळू चाळून पसरली. एखादा खडा ताडपत्रीला टोचू नये म्हणून आधी अनवाणी चालला, मग लोळला, मग गाल जमिनीला लावून तपासलं. "म्हातारे, इथं एक आहे बघ," म्हणत मोहरीएवढा खडा शोधून काढला. दोघांनी मिळून नळ्या जोडल्या, पायाखाली फळ्या दिल्या, ताडपत्रीच्या सुरकुत्या तिनं कपड्याला इस्त्री करावी तशा हातानं सारल्या. भांडणंही झाली, ती सांगत नाही; एका नळीचं तोंड कुठल्या बाजूला यावरून घटस्फोटच व्हायचा.

शनिवारी बंब आला. गाउनानं नळी लावली, दोन्ही टोकांना पाणी एका रेषेत. त्यानं टोपी काढली. "सोडा रे!"

पाणी चढत गेलं. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं. "आता कलंडेल बघा," पास्तोरा म्हणाली. कंबरेएवढं. नळ्या करकरल्या. सेराफिननं आपला लाडका चेंडू आणला नि हौदाच्या काठावर कोपऱ्यात बसायला जी फळी होती तिच्यावर ठेवून हात काढून घेतला. चेंडू जागचा हलला नाही. पाणी काठोकाठ आलं, तरी नाही.

मग रुदेसिंदा शिडी चढली. सुजलेले पाय, जुना फुलाफुलांचा झगा, आणि वर उभी राहिली तेव्हा सोळा वर्षांची दिसत होती. उडी मारली. पाण्याखाली गेली ती गेलीच. वर येईना. भोपळीतला माते, आमचा कडू पाल्याचा चहा, थंड झाला, पाद्र्यानं एक प्रार्थना संपवून दुसरी धरली, सेराफिन बुटासकट आत उतरणार, तेवढ्यात ती वर आली. तोंडभर हसू, आणि हातात हा एवढा जिवंत मासा! बंब कालव्यावर भरला होता ना.

"बघा, मासे मला अजून ओळखतात!"

सेराफिनला पोहता येत नव्हतं. तिनं त्याला आत ओढलाच. त्याच्या मानेखाली हात धरला नि उताणा तरंगवला. "घाबरू नको, म्हाताऱ्या. पट्टीवरच आहेस."

"पाणी दिलं ना तुला अंगणात?" तो आभाळाकडं बघत म्हणाला.

"दिलंस रे. जरा उशिरा, पण पाणसळीत."

त्या संध्याकाळी पोसो सेकोतली एकूण एक बाई त्या हौदात उतरून गेली. आणि पास्तोरानं कुंपणावर येऊन, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हटलं, "शाबास गं रुदे!"

बरं. मुंगी खरी, मासा खरा, उकडलेली अंडी तर मी स्वतः खाल्ली. पण शपथ मोठी घातली आहे म्हणून सांगते, पास्तोरा शाबास म्हणाली नाही. ते मी घातलं. ती हौदात उतरली, तासभर डुंबली, नि बाहेर येऊन म्हणाली, "पाणी जरा गरमच आहे."