साडेआठ ते साडेआठ

माझा गुडघा बदलल्यापासून इंटरनेटवरचा पाऊस बिनचूक पडू लागला. त्याआधी एकोणीस वर्षं तो चुकत होता.

जे. पी. नगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी पर्जन्यमापक ठेवला आहे. सरकारी कारखान्यात मापनयंत्रं तपासण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा आकाश हाती घेतलं. रोज सकाळी साडेआठला वर जायचं, डब्यातलं पाणी मोजनळीत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. पावसाचा दिवस साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, ही वेधशाळांची रीत. एकोणीस वर्षांत एक खाडा नाही. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त आठ बावन्नचा होता. मी अठ्ठेचाळीसला मांडवात हजर होतो. माझी बायको कल्पना हे अजून विसरलेली नाही.

ऑगस्टात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा वही कोणाच्या हाती द्यायची हा प्रश्न गुडघ्यापेक्षा मोठा होता. मी गुरुराजला बोलावलं. त्याचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर घोड्यावर बसून इकडे आले आणि बनशंकरीत घरंच घरं झाली तरी हलले नाहीत. माझा तीस वर्षांचा मित्र.

"काळजी करू नका अण्णा. स्वल्प पाणी मोजायचं, एवढंच ना?"

"स्वल्प नाही. दशांशापर्यंत."

"सरी," तो म्हणाला. कानडीत म्हणजे 'बरं'.

तो रोज स्कूटरवरून यायचा. मी हॉस्पिटलात असेपर्यंत आकडा फोनवर सांगायचा. मी घरी आल्यावर मागच्या जिन्यावर त्याच्या चपला वाजायच्या, मग खाली येऊन माझ्या खाटेशी उभा राहून आकडा सांगायचा. "सात पॉइंट तीन, अण्णा." मी वहीत लिहायचो, तो निरीक्षकाच्या रकान्यात सही करायचा, कल्पना त्याला कॉफी द्यायची. बावन्न दिवस असं चाललं.

एका शनिवारी शलाका आली. शलाका माझी मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये आहे. वही बघून म्हणाली, "बाबा, आता एपीआय असतात. आपण एक वेबपत्ता लिहायचा, त्यात अक्षांश, रेखांश, तारखा घालायच्या. समोरून पावसाचे आकडे येतात. गच्ची लागत नाही."

"आणि खरेपणा कुठून येतो?"

"उपग्रह, रडार, गणित."

"म्हणजे कोणी वर गेलेलं नाही."

शर्त लागली. माझी सगळी वही मी रोजच्या रोज संगणकावर उतरवून ठेवली होती. तिने एकोणीस वर्षांचा पाऊस मागवला; तो चहा उकळायच्या आत आला. दोन्ही शेजारी मांडले आणि मी सुखावलो. आमच्याकडे बत्तीस मिलिमीटर, इंटरनेटकडे चार. आमच्याकडे ठणठणीत, त्याच्याकडे अकरा. इंटरनेट एका चौकोनाला एकच आकडा देतं; तो चौकोन इथपासून बनशंकरीपलीकडे जाणारा, आणि इथला पाऊस तर एका चौकात पडतो आणि दुसऱ्यात विचारतोसुद्धा नाही.

शिवाय शलाकाची चूकही सापडली. तिने दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मागवला होता.

"सॉरी. तासातासाचे आकडे मागवते, साडेआठपासून बेरीज करते."

"थांब," मी म्हणालो.

तक्त्याच्या शेवटी पडदा थांबला होता. शेवटचे एकोणपन्नास दिवस वही आणि तो चुकीचा तक्ता दशांशापर्यंत एक होते. शलाकाने मग बरोबर तक्ता काढला. तो जुळला नाही.

"योगायोग असेल, बाबा."

"एकोणपन्नास?"

तिने तक्ता पुन्हा वरपासून तपासला. माझ्या मुलीला संख्याशास्त्र येतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पाऊस आला आणि सहापर्यंत कोसळला. खिडकीखालची बादली भरली. अशा पहाटा आधीही आल्या असणार. विश्वास ठेवला की माणसाचे कानही कमी ऐकतात. साडेआठला चपला वाजल्या. गुरुराज खाली आला. त्याच्या बाह्या कोरड्या, चेहरा निष्पाप.

"झिरो, अण्णा."

"काय?"

"झिरो. काल काहीच नाही."

"काल नव्हताच. आज पहाटे होता. तो आजच्याच आकड्यात यायला हवा."

गुरुराजने खिडकीकडे पाहिलं. बादलीकडेही पाहिलं. मग त्याने कल्पनाकडे पाहिलं. चोर पकडला गेला की पोलिसाकडे बघतो. हा साथीदाराकडे बघत होता.

"सांगून टाका अक्का," तो म्हणाला.

कल्पनाने कॉफी टेबलावर ठेवली. "वर पत्रा घातलाय."

"कुठे वर?"

"गच्चीवर. सगळ्या. तुम्ही हॉस्पिटलात होता, चौथ्या दिवशी. मापक तुमचा आहे तिथेच आहे, पत्र्याखाली. रोज पुसते मी."

मधे भाडेकरूंचा मजला, त्यामुळे पत्र्यावरचा आवाज खाली येत नाही. तिने तेही हिशेबात धरलं होतं.

"मला विचारलं असतंस तर?"

"विचारलं असतं तर पत्रा झाला असता का? पंधराव्या दिवशी काठी टेकत त्या ओल्या जिन्यावर चढला असता. मग दुसरा गुडघा, मग कंबर. एकोणऐंशी वर्षांचे आहात हो! मापक उघडा राहिला, की तुम्ही वर जाणार."

"आणि तू?" मी गुरुराजला विचारलं. "तू जिन्यावर काय करत होतास?"

"तिसऱ्या पायरीवर बसायचो. मोबाइलात कालचा पाऊस बघायचो. अक्कांनी शपथ घातली होती. अय्यो, मला काय माहीत, तुमचा दिवस साडेआठला बदलतो! सगळ्यांचा बाराला बदलतो."

"एकोणीस वर्षं मी सांगतोय."

"तुम्ही बरंच सांगता, अण्णा."

मी वही मागवली. लाल पेन घेतलं. गुरुराज खुर्चीच्या कडेवर बसला. मी एकेक आकडा खोडायला लागलो आणि समोर "नोंद नाही" लिहायला लागलो. एकोणपन्नास वेळा. कल्पना स्वयंपाकघरात गेली नाही. दारात उभी राहिली.

"पहिले तीन ठेवा," गुरुराज हळूच म्हणाला. "ते मी खरंच वर जाऊन मोजले होते."

ते मला ठाऊक होतं. बावन्नपैकी ते तीनच त्या तक्त्याशी जुळत नव्हते. मी ते ठेवले. त्यांच्यापुढच्या त्याच्या सह्याही ठेवल्या. बाकीच्या सह्यांवरून आडवी रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: निरीक्षण बंद.

"कारण?" कल्पनाने विचारलं. तिला वाचता येत होतं. पुढे कारण लिहिलेलं नव्हतं.

मी पेनाला टोपण लावलं.

गुरुराजने कप उचलला, कॉफी गार झाली होती, तरी प्यायला. दारापर्यंत जाऊन थांबला.

"उद्या येऊ, अण्णा?"

"ये. कॉफी कल्पना देईल," मी म्हणालो. "मी बोलेन असं नाही."