कमंडलूतलं पाणी

चिलिका सरोवराच्या काठावर सकाळपासून मुंगीला शिरायला वाट नव्हती. जलानंदबाबा कोऱ्या कागदावर बुडालेल्यांचे चेहरे बोलावत होते.

"पाणी ज्याला गिळतं, पाणीच त्याला ओकतं!" बाबांची हाळी उठली. "भ्यायचं नाही, शिंकायचं नाही, संशय तर मुळीच नाही. संशयी डोळ्यापुढं चेहरा रुसतो!"

गर्दीत गळ्यात कॅमेरा अडकवून निराकार जेना उभा होता. जिल्ह्याच्या पेपरचा फोटोवाला. आषाढात नाव उलटली तेव्हा प्रेतं त्यानंच टिपली होती. तेव्हापासून अंधारखोलीत, तांबड्या दिव्याखाली, लग्नाचा फोटो धुवायला घेतला तरी थाळीच्या तळातून कुणी बुडालेला वर येतोय असं वाटायचं.

सुकांतीमावशी धाकट्या लेकीला, टुकीला, घेऊन पुढं झाली. बुडालेल्यांतला तिचा थोरला लेक बैधर तेवढा सापडलाच नव्हता. बाबांनी कोरा कागद तिच्या तळहातावर ठेवून कमंडलूतलं पाणी शिंपडलं. पांढऱ्यातून आधी डोळे आले, मग कपाळ, मग हसरे ओठ.

"माझा बाबू!" मावशी मटकन खाली बसली.

निराकारच्या अंगावर सर्रकन काटा आला. अंधारखोलीतलं ते भर उन्हात चालत आलं होतं.

"जिवंत आहे तो, पाण्याखालच्या राज्यात," बाबा म्हणाले. "पण पाणी फुकट सोडत नाही, माई. ही धाकटी टुकी मठात सेवेला दे. लेक दे, लेक ने!"

मावशीनं टुकीचा हात धरून पुढं केला. पोर आईकडं नुसती बघत राहिली.

सवयीनं निराकार कॅमेरा डोळ्याला लावून वाकला, आणि थबकला. कागदावरच्या बैधरच्या गालावर पांढरी बारीक रेघ होती, केसासारखी. नाकाशी अंधारखोलीतला ओळखीचा आंबूस वास आला.

"थांब मावशी! हा मीच काढलेला फोटो आहे. नौकाशर्यतीचा. निगेटिव्हवर केस चिकटला होता, त्याची ही रेघ. बाबांचा चेला प्रार्थनेसाठी म्हणून सगळ्या बुडालेल्यांचे फोटो माझ्याकडून घेऊन गेला होता."

"पाखंडी! जीभ झडेल!" बाबा कडाडले.

"निराकारभाई, देवाशी पंगा नको," कुणीतरी कुजबुजलं.

"बघू द्या की," म्हातारा नावाडी अर्जुन बेहेरा म्हणाला. "चेहरा रुसला तर समजूत काढू!"

निराकारनं बाबांपुढच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद सरोवरात बुडवला. कोराच राहिला. मग बाबांचा कमंडलू उचलून त्यावर रिता केला. हळूहळू एक मिशाळ चेहरा वर आला.

"अगं बाई, आमचे भावजी!" एक बाई किंचाळली.

"पाऱ्याच्या क्षारात धुतला की फोटो पांढरा पडतो," निराकार म्हणाला. "पुसला जात नाही, दडतो. या कमंडलूत हायपो होता, आम्ही फोटो धुवायला वापरतो तो. तो लागला की दडलेलं वर येतं."

बाबा कमंडलू तिथंच सोडून नावेकडं सरकले. नावाड्यांनी वाट अडवली.

"मग माझा बाबू बोलावल्यानं आला नाही?" मावशीनं विचारलं.

निराकार तिच्याशेजारी चिखलात बसला. "नाही, मावशी. मलाही दिसतात ते. पण ते येत नाहीत गं, आपणच आठवतो. दुःख आपलं आहे, त्याचा बाजार दुसऱ्याला का मांडू द्यायचा?" मग तो गर्दीकडं वळला. "यापुढं कुणी चमत्कार दाखवला, तर एवढंच म्हणा: आता आमच्या पाण्यानं करून दाखवा."

मावशीनं टुकीला जवळ ओढलं.

"चल. आजपासून रात्री पाण्यात पखाळाचा भात दोघींपुरताच भिजवायचा."