झाप्यावरची पाटी

उदयसिंहरावांचे पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत भरती झाले तेव्हा कारकुनानं त्यांना दोनच गोष्टी विचारल्या होत्या: नाव काय आणि मूळ गाव कोणतं. तेव्हापासून या घराण्याला खोडच लागली. माणूस भेटला की आधी गाव विचारायचं. गाव कळलं की माणूस कळला. स्वतःचं मूळ गाव, वाई तालुक्यातलं आसले, गेल्या तीन पिढ्यांत कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

उदयसिंहराव पाट्या रंगवायचे. चाळीस वर्षांत बडोद्याची बोली कशी पालटली, हे कुठल्याही प्राध्यापकापेक्षा त्यांच्या ब्रशाला जास्त ठाऊक होतं. आधी मराठी पाट्या असत. मग गुजराती, मग अर्ध्या इंग्रजी, आणि कारखान्यांच्या रस्त्याला बिहारी लिट्टीच्या गाड्यांवर हिंदी. पुढे छापील फ्लेक्स आले आणि ब्रश वाळला. उरला तो हरणी भागातल्या त्यांच्या सोसायटीचा झापा, म्हणजे फाटक. फाटकाशेजारच्या पाटीवर ते घराचा नंबर, माणसाचं नाव आणि हट्टानं मूळ गाव लिहीत. अक्षरं गुजराती, कारण पाटी वाचण्यासाठी असते, मिरवण्यासाठी नाही. भाडोत्र्यांची नावं कशाला, म्हणून घरमालक कुरकुरले. "जो राहतो त्याचं नाव," उदयसिंहरावांनी सुनावलं. "मालक काय भिंतीत राहतो?"

अकरा नंबरात रामसजीवन आणि त्याची बायको फूलमती राहायला आली. गाव उत्तर प्रदेशातलं बलिया, काम वेल्डिंगचं. पाटीवर आपलं नाव उमटताना बघत तो अर्धा तास उन्हात उभा राहिला, मग मोबाइलवर फोटो काढून त्यानं आईला पाठवला. "चाचा, इस शहर में पहली बार कहीं मेरा नाम लिखा गया।" उदयसिंहरावांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

चारच महिन्यांनी मोबाइलवर एक मेसेज फिरू लागला. कुठल्याशा गावात कुणा बाहेरच्यानं मुलगी पळवली, बाहेरच्यांना हाकला. मुलगी संध्याकाळी मावशीकडे सापडली होती, पण खरी बातमी पुढे पाठवायला कुणाला वेळ असतो? रविवारी भर दुपारी वीस-पंचवीस जण पाइप आणि दांडके घेऊन रस्त्यानं आले. पुढे हितेश होता, टायरवाला. त्याच्या दुकानाची पहिली पाटी उदयसिंहरावांनीच रंगवली होती.

हितेश झाप्यापाशी थांबला आणि पाटीवरून बोट फिरवत खाली खाली आला. लांबूनही वाचता यावीत म्हणून ठसठशीत काढलेली अक्षरं ती. "अगियार नंबर! बलिया!" तो ओरडला.

ओट्यावर बसलेले उदयसिंहराव ताडकन उठले. हे त्यांनी लिहिलं होतं. स्वतःच्या हातानं त्यांनी त्या माणसाचं घर दाखवून दिलं होतं.

"अहो, आत या!" दारातून त्यांच्या पत्नी जिजाबाई ओरडल्या.

"तू मागच्या गल्लीनं अकरात जा. दोघांना आपल्या घरात आण. पळ!"

घरात पणजोबांची तलवार होती, पण ती दसऱ्याला झेंडू वाहण्यापुरती. म्यानातून शेवटची कधी निघाली ते देवालाच ठाऊक. उदयसिंहराव रिकाम्या हातांनी धावले, झापा ओढून घेतला आणि त्याचा गज धरून उभे राहिले.

"काका, खसी जाओ," बाजूला व्हायची खूण करत हितेश म्हणाला. "तमे तो आपणा छो."

"आपणा?" पाटीच्या सगळ्यात वरच्या ओळीकडे मान वळवत ते गुजरातीतच म्हणाले. "पहेली लीटी वांच."

हितेशनं वाचलं. एक नंबर, उदयसिंहराव, मूळ गाम आसले.

"वाचलंस? मीही बाहेरचाच. तीन पिढ्यांपूर्वी आलो, पण आलोच ना? मग अकरापासून कशाला, एकपासून सुरू कर."

हितेशचा पाइप खाली आला. क्षणभर वाटलं, टळलं. तेवढ्यात मागून कुणीतरी, ज्याला ना पाटीशी देणंघेणं होतं ना काकांशी, गजावरच्या त्यांच्या उजव्या हातावर पाइप हाणला. बोटं कडकन मोडली. त्यांनी डाव्या हातानं गज धरला. दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा डोक्यावर. ते कोसळले आणि बूट घातलेले पाय त्यांना तुडवत आत गेले.

जिजाबाईंनी फूलमतीला मागच्या दारानं ओढत आणलं होतं. रामसजीवन आला नाही. घर रिकामं दिसलं तर हे शोधत सुटतील, म्हणून आतून कडी लावून तो दाराला पाठ देऊन बसला. दार फुटायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याला फरपटत अंगणात आणला आणि तो हलायचा थांबेपर्यंत मारला. जिजाबाईंच्या स्वयंपाकघरात फूलमतीला प्रत्येक घाव ऐकू येत होता. तिच्या तोंडावर दाबलेल्या जिजाबाईंच्या तळव्याला तिनं रक्त येईपर्यंत चावा घेतला, तरी त्यांनी हात काढला नाही.

रामसजीवन जगला. डावा डोळा गेला.

दहा दिवसांनी स्टेशनकडे निघालेली रामसजीवन आणि फूलमतीची रिक्षा झाप्यापाशी थांबली. उदयसिंहराव हाताला प्लास्टर घालून उभे होते. माफी मागायची तर कुठल्या तोंडानं? फूलमतीकडे तर त्यांना बघवेना. रामसजीवननं उरलेल्या डोळ्यानं पाटीकडे पाहिलं, बराच वेळ.

"नाम रहने दीजिए, चाचा," तो म्हणाला. "गाँव मिटा दीजिए।"

रिक्षा दिसेनाशी झाल्यावर उदयसिंहरावांनी टर्पेंटाइनची बाटली मागितली. डाव्या हातात चिंधी धरून ते घासू लागले, पण अकराव्या ओळीपासून नाही. त्यांनी आधी आपली ओळ घेतली. रंग चांगल्यातला वापरला होता. आसले निघता निघेना. तेव्हा जिजाबाईंनी पट्टी बांधलेल्या हातानं दुसरी चिंधी भिजवली आणि त्या त्यांच्या शेजारी घासायला उभ्या राहिल्या.